अर्धा इंच जास्त

अबोला धरणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो एक दिवस धरून बघावा. एकाच दुकानात, एकाच टेबलावर, सख्ख्या भावासमोर. मी नऊ वर्षं धरला. त्यात बढाई मारण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक आहे, वहिनी दर आठवड्याला ऐकवते. पण मेहनत लागते, एवढंच म्हणतो.

आमचं शिंप्याचं दुकान. वडिलांनी मांडलं, आम्ही दोघं चालवतो. दादा शर्ट आणि कोट शिवतो, मी पँटी. गिऱ्हाइकाच्या कमरेच्या वर त्याचं राज्य, कमरेखाली माझं. मधे मोठं कटिंगचं टेबल आणि त्यावर खडूची रेघ. वडिलांची थोरली कात्री रेघेच्या पलीकडे दादाकडे, त्यांची लाकडी पट्टी अलीकडे माझ्याकडे. कात्रीला मी हात लावायचा नाही, पट्टीला त्याने लावायचा नाही.

रेघ जिथे संपते तिथे स्टुलावर बसते आमची काज-बटणं करणारी मावशी. तिला अख्खा बाजार ‘टपाल’ म्हणतो. कारण आमचे निरोप तिच्यामार्फत जातात.

दादा म्हणणार, "मावशी, त्याला सांग, इस्त्री रिकामी झाली."

मावशी मान वर न करता म्हणणार, "धाकटे मास्तर, इस्त्री रिकामी झाली."

"त्याला सांग, मी बहिरा नाही."

"बहिरे नाहीत म्हणतात."

हे सगळं तीन फुटांच्या अंतरावर. एकदा मावशी तीन दिवस आजारी होती, तेव्हा आम्ही खडूने टेबलावर लिहून कारभार चालवला. चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक तणतणत आलं. त्याच्या पँटीच्या मागच्या बाजूला ‘पंखा बंद कर’ असं उमटलं होतं आणि तो तसाच ऑफिसला जाऊन आला होता.

आता भांडण कशावरून झालं ते सांगतो, म्हणजे तुम्ही माझी बाजू घ्याल. दादा तापाने फणफणला होता म्हणून एका कोटाचं माप मी घेतलं. छाती चाळीस. दादाने दोन दिवसांनी कोट कापला, शिवला, आणि ट्रायलच्या वेळी तो ढिला निघाला. माणूस मधल्या काळात बारीक होऊ शकतो की नाही? पण दादाने गिऱ्हाइकासमोर, भर दुकानात, हसत हसत म्हटलं, "याचा हातच ढिला आहे हो. दरवेळी अर्धा इंच जास्त घेतो. बाबासुद्धा हेच म्हणायचे."

बाबा असं म्हणायचे की नाही, हे विचारायला बाबा उरले नव्हते. मला ते लागलं. फार लागलं. मी टेप टेबलावर आपटली आणि म्हणालो, "आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलणार नाही."

"बघू," दादा म्हणाला, "आधी कोण बोलतंय ते."

झालं. तेव्हापासून प्रश्न एवढाच राहिला, आधी कोण बोलणार. आमच्या बायका एकमेकींशी मजेत बोलतात, मुलं एकत्र जेवतात, आणि आम्ही दोघं एकाच सोफ्याच्या दोन टोकांना बसून टीव्हीशी बोलतो.

मागच्या वर्षी बाजारात एक कुरिअरवाला चालता चालता कोसळला. आमच्या दुकानासमोरच. चाळीसेक माणसं गोल करून उभी राहिली. मीही उभा होतो, गळ्यात टेप घालून. मी पळत जाऊन पाणी आणलं. बेशुद्ध माणसासाठी पाणी! समोरून दादा आला, तो पुठ्ठ्याने वारा घालायला लागला. आम्ही दोघं त्या बिचाऱ्याच्या दोन बाजूंना बसलो होतो, एक पाणी घेऊन, एक पुठ्ठा घेऊन, आणि तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत मरून गेला. त्याच्या बॅगेत वाटायची पाकिटं तशीच होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दादालाही गेलं नव्हतं, हे वहिनीकडून कळलं.

त्यानंतर बाजाराच्या मंडळाने ठराव केला की प्रत्येक दुकानातल्या दोघांनी कोसळलेल्या माणसाला वाचवायचं प्रशिक्षण घ्यायचं. बाजाराच्या चौकीदाराच्या टेबलामागे भिंतीवर बंद पडलेल्या हृदयाला शॉक द्यायचं मशीनही बसवलं, लाल डब्यात. आमच्या दुकानातून तिघं गेलो. दोघं भाऊ आणि टपाल. तिच्याशिवाय आम्ही शिकणार कसे?

शिकवायला एक नर्सबाई आल्या होत्या. वयाने लहान, आवाजाने मोठ्या. जमिनीवर एक रबरी पुतळा ठेवला होता, कमरेपर्यंतच. म्हणजे माझ्या कामाचा भाग नव्हताच. त्याला कोणीतरी शर्ट घातला होता, कॉलर एकीकडे, खांदा दुसरीकडे. मला ते बघवेना. मी कॉलर नीट करायला हात पुढे केला आणि पलीकडून दादाचाही हात आला. आम्ही दोघांनीही हात मागे घेतले.

"आधी बघा, जागा सुरक्षित आहे ना," नर्सबाई म्हणाल्या. "मग दोन्ही खांद्यांवर थापटा आणि मोठ्याने विचारा, ‘तुम्ही ठीक आहात का?’ म्हणा सगळे."

आम्ही सगळे शाळेतल्यासारखे ओरडलो.

दादाची पाळी आली. त्याने पुतळ्याच्या खांद्यावर थाप मारली आणि विचारलं, "काय रे, ठीक आहेस ना?"

"काका, अनोळखी माणूस आहे. ‘तुम्ही’ म्हणा."

"आता याच्या छातीवर दोन्ही हात देऊन दाबायचं," दादा म्हणाला, "आणि वर ‘तुम्ही’ म्हणायचं?"

हॉल हसला. मला दादाच्या विनोदाला हसायची परवानगी नव्हती, म्हणून मी खोकलो. खोकला नियमात बसतो.

पुढे नर्सबाईंनी सांगितलं, की ‘कोणीतरी फोन करा’ म्हटलं की कोणीच करत नाही. एका माणसाकडे बोट दाखवायचं, त्याच्या कपड्यांवरून त्याला हाक मारायची आणि त्यालाच काम सांगायचं. हे मला मनापासून पटलं. कपड्यांवरून माणूस ओळखणं आम्हाला कोणी शिकवायला नको.

मग माझी पाळी. मी गळ्यातली टेप काढून पुतळ्याच्या छातीला लावली.

"हे काय करताय?"

"मध्य काढतोय."

"काका, माणूस मरत असतो, तुम्ही माप काय घेताय? छातीच्या मधोमध हाड लागतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात. वर दुसरा हात. कोपर ताठ. पाच सेंटीमीटर खाली दाबायचं."

"इंचात सांगा."

"दोन इंच. जरासं जास्त चालेल, पण अडीच नको."

मागून आवाज आलाच. "मावशी, बाईंना सांग, याला दीड इंच सांगा. आपोआप दोन होतील."

माझे कान तापले. त्या रागात मी असा दाबत सुटलो की पुतळ्याला जोडलेला दिवा लाल झाला. फार जलद, नर्सबाई म्हणाल्या, मिनिटाला शंभर ते एकशेवीस हवेत. मी हळू केलं तर फारच हळू झालं. पुन्हा लाल.

"मावशी," दादा म्हणाला, "त्याला सांग, अस्तराला टीप मारल्यासारखा सुटू नकोस. जाड कापडाला मशीनचा पाय मारतो, तसा मार."

मावशीने निरोप पोचवला. मी डोळे मिटून जाड कापडाचा पाय आठवला आणि तसं दाबलं. दिवा हिरवा झाला तो हिरवाच राहिला. नर्सबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला आभार मानायचे नव्हते, म्हणून मी पुतळ्याची कॉलर नीट केली.

शेवटी मी नर्सबाईंना विचारलं, "समजा, माझ्या हातून चुकलं आणि बरगडी मोडली तर?"

"मोडू शकते. बरगडी जुळून येते हो. माणूस परत येत नाही."

या गोष्टीला सहा-सात आठवडे झाले असतील. दुपारचे चार वाजले होते. दुकानात दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, तिसरं पडद्यामागे पँटीची ट्रायल घेत होतं. दादा कोटाचं कापड कापत होता आणि मी खाली मान घालून कंबरपट्टी लावत होतो.

कात्रीचा आवाज मधेच थांबला. दादा कात्री कापडाच्या मधे कधीच थांबवत नाही, कडेपर्यंत जातो. म्हणून मी वर बघितलं. त्याने एका हाताने टेबल धरलं होतं. मग हात सुटला आणि तो खाली गेला.

आता खरं सांगतो. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं? नाटक करतोय! मला आधी बोलायला लावायला हा जमिनीवरसुद्धा झोपेल. मी रेघेच्या अलीकडे उभा राहिलो. किती वेळ? दोन श्वास, तीन श्वास. ते तीन श्वास मी स्वतःला अजून माफ केलेले नाहीत.

"मावशी," मी म्हणालो, "त्याला विचार, काय झालं."

मावशीने सुई खाली ठेवली. "आज टपाल बंद," ती म्हणाली. "तुम्हीच विचारा."

मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला. दादाचा चेहरा राखाडी पडला होता. मी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही खांद्यांवर थापटलं आणि नऊ वर्षं कोंडलेला आवाज सगळा बाहेर काढून ओरडलो, "तुम्ही ठीक आहात का?"

काही नाही. घशातून एक घोरल्यासारखा आवाज आला, मग बराच वेळ शांत, मग पुन्हा एक.

"श्वास आहे की," बाकावरचा एक म्हणाला. "झोप लागली असेल."

तो श्वास नव्हे, हे नर्सबाईंनी शिकवलं होतं. मी बोट रोखलं. "तुम्ही, रॅगलन बाही! अँब्युलन्सला फोन करा! आणि तुम्ही, स्टँड कॉलर, चौकीदाराकडून लाल डबा आणा!"

दोघेही आपापल्या अंगाकडे बघायला लागले. एकाला आपल्याला बाही आहे एवढंच माहीत होतं, ती रॅगलन आहे हे त्याला त्या दिवशी कळलं.

"अहो, निळे! फोन करा!" मावशी किंचाळली. "आणि पांढरे..."

पांढरे जागचे हलेनात, घाबरून भिंतीला चिकटले होते. तेवढ्यात पडदा सरकला आणि ट्रायलवाला बाहेर आला. एक पाय दुमडून टाचण्या लावलेला, दुसरा पाय जमिनीवर लोळणारा. "मी जातो," तो म्हणाला आणि तसाच धावत सुटला. अख्ख्या बाजाराने त्याला टाचण्या टोचत, ‘आई गं, आई गं’ करत जाताना बघितलं.

मी हात छातीवर ठेवले आणि हात थबकले. कारण सांगतो. आमचं पटत नाही हे कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं. उद्या दादाचं काही बरंवाईट झालं, तर बाजार काय म्हणेल? नऊ वर्षांचा राग काढला, छातीवर बसून. वहिनीला मी काय तोंड दाखवणार? मग मला तो कुरिअरवाला आठवला, आणि माझ्या हातातलं ते पाणी. मी दाबायला सुरुवात केली.

एक, दोन, तीन. घाबरलेला माणूस अस्तराला टीप मारतो तसाच सुटतो. माझंही तेच झालं. "जलद होतंय," मावशी म्हणाली आणि उठून दादाच्या मशीनवर जाऊन बसली. कापड नाही, दोरा नाही, नुसता पाय मारायला लागली. खट, खट, खट, खट. जाड कापडाचा पाय. दादाच्याच मशीनचा, दादाने सांगितलेलाच ठेका. माझे हात त्यावर बसले.

नर्सबाईंनी मोठ्याने मोजायला सांगितलं होतं. मी मोजत होतो, पण मोजता मोजता मधे काय काय यायला लागलं ते मला कळलंच नाही. मावशीने नंतर सगळ्या बाजाराला सांगितलं. "अकरा, बारा, तो कोट चाळीसच होता, चौदा, त्या माणसाने डाएट केलं, सोळा, बाबा असं कधी म्हणाले, अठरा, सांग ना, एकोणीस, नाहीतर म्हणाले असतील, म्हणू दे, वीस, दादा, कात्री ठेव तुझ्याकडे, पट्टी पण घे, चोवीस, जाऊ नकोस रे." मी रडत होतो. घाम होता असं मी बरेच दिवस सांगत होतो, पण रडत होतो.

हाताखाली काहीतरी कट् वाजलं. मी दचकलो, पण थांबलो नाही.

टाचण्यावाला डबा घेऊन आला. त्याने झाकण उघडताच डबा बोलायला लागला. रुग्णाची छाती उघडी करा, म्हणाला. मी शर्ट ओढला. बटणं तुटेनात! मावशीने लावलेली बटणं ती, शर्ट फाटेल पण बटण तुटणार नाही.

"कात्री घ्या!" मावशी म्हणाली.

वडिलांची कात्री टेबलावर, अर्ध्या कापलेल्या कोटात तशीच. दाबायला पाहिजे म्हणून भिंतीला चिकटलेल्या पांढऱ्यांना मी खाली ओढलं, त्यांचे हात छातीवर ठेवले आणि म्हटलं, "मशीनच्या आवाजावर दाबा." त्यांनी दाबलं. मी कात्री उचलली आणि दादाचा शर्ट कापला. हाताची सवय जात नाही, कापला तोही बटणपट्टीच्या शिलाईच्या कडेने, सरळ रेषेत.

चिकटपट्ट्या लावल्या. डबा म्हणाला, कोणीही रुग्णाला हात लावू नका. आम्ही सगळे हात वर करून मागे झालो. दादाचं अंग एकदा हललं. डबा म्हणाला, पुन्हा दाबा. मी पुन्हा दाबायला लागलो, मावशी पुन्हा पाय मारायला लागली. अँब्युलन्स आली तेव्हा तिचा पाय आणि माझे हात दोन्ही चालू होते. गणवेशातल्या माणसाने दादाच्या मानेवर बोटं ठेवली, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "काका, थांबा आता. लागलंय चालायला."

माझे हात थांबेनात. त्यांनी धरून थांबवले.

सहाव्या दिवशी मला आत सोडलं. दादा उशीला टेकून बसला होता, पांढराफटक, नाकात नळी. वहिनी पाणी आणायला गेली होती. मावशी पलंगाजवळच्या स्टुलावर बसली होती, आमच्या दोघांच्या बरोबर मधे. सवय! मी दारातच उभा राहिलो. नऊ वर्षांत काय बोलायचं हे खूप ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना.

दादाने माझ्याकडे बघितलं. मग मावशीकडे. "मावशी, त्याला विचार, माझा शर्ट कोणी कापला?"

मावशी हूं की चूं करीना.

"मी," मी म्हणालो. "बाबांच्या कात्रीने."

"मला दाखवला हिने. सरळ कापलाय." मग बरगड्यांवर हात ठेवून तो म्हणाला, "दोन बरगड्या मोडल्या आहेत. बाईंनी दोन इंच सांगितलं होतं. तू अडीच दाबलंस."

"दोनच."

"अर्धा इंच जास्त. तुझा हातच ढिला."

"डॉक्टर म्हणाले, नीट खोल दाबलं म्हणून वाचलास!"

"मग मी कुठे नाही म्हणतोय?" दादा म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. "बरं झालं, ढिला आहे ते."

मी पलंगाजवळ गेलो. काय करावं ते कळेना, म्हणून त्याची चादर नीट केली. मग एकदम लक्षात आलं. "दादा, तू आधी बोललास! आत्ता! मावशी साक्षीला आहे."

"खोटं बोलू नकोस. आधी तू बोललास. दुकानात."

"बेशुद्ध माणसाशी बोललेलं धरत नाहीत."

"धरत तर मीही नाही." दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. "हिने सांगितलं मला, काय म्हणालास ते. नऊ वर्षं मी वाट बघतोय, आज बोलशील, उद्या बोलशील. आणि बोललास तर काय? ‘तुम्ही ठीक आहात का’? तुम्ही? मी तुझा कोण, गिऱ्हाईक?"

"अरे, नर्सबाईंनी तसं शिकवलं होतं!"

"ते अनोळखी माणसाला."

त्याचं बरोबर होतं. नऊ वर्षं आम्ही ते शब्द दाबून ठेवले होते, आणि निघाले तेव्हा परक्याला म्हणतात तसे निघाले.

"परत विचार," दादा भिंतीकडे बघतच म्हणाला.

"काय?"

"तेच. नीट विचार."

मावशी स्टुलावरून उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मधे कोणी उरलं नाही. मी वाकलो आणि बरगड्यांना धक्का लागणार नाही असे दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवले. आवाज काही केल्या मोठा निघेना.

"दादा, ठीक आहेस ना रे?"

"नाही," दादा म्हणाला. "फार दुखतंय. बस इथे."